अंगठ्यात जोर नसेल तर कोणतं पिस्तूल घ्यावं?

वाचकाचं पत्र:
"मी ७२ वर्षांची, हे ७८. टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आम्ही दोघंच राहतो, ग्रीन कार्डवर. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत दोन घरं फुटली, तेव्हापासून रात्री झोप लागत नाही. घरात एक पिस्तूल असावं असं वाटतं. पण माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे, लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही. दुकानात गेले तर विक्रेत्याने ‘लेडीज’ म्हणून एक हलकंसं .३८ रिव्हॉल्व्हर हातात दिलं. त्याचा ट्रिगर एका बोटाने हललाच नाही. मग एक छोटं पिस्तूल दाखवलं, त्याची स्लाइड मागे जाईना. मुलगा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो मीच एखादं घेऊन येतो. सुट्टीत नातवंडं येतात, ९ आणि १२ वर्षांची. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. यांना हल्ली थोडा विसर पडतो. काय घ्यावं ते सांगा."

उत्तर:
ताई, नमस्कार.

आधी तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य घेऊ. "यांना हल्ली थोडा विसर पडतो" असं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण आमच्या मते पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि रात्री जाग आल्यावर आपण कुणाच्या घरात आहोत हे न समजणं वेगळं. स्मृतिभ्रंशात दिवस मावळल्यावर गोंधळ वाढतो. माणूस रात्री उठून घरभर फिरतो, ओळखीच्या माणसाला परकं समजतो. अशा घरात बंदुकीचा धोका दुहेरी असतो. ती त्यांच्या हाती लागू शकते, आणि अंधारात पॅसेजमध्ये हललेली सावली त्यांचीच असू शकते. म्हणून दुकानात परत जाण्याआधी त्यांची स्मृतीची तपासणी करून घ्या, आणि घरात बंदूक आणायचा विचार आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. निदान स्मृतिभ्रंशाचं निघालं तर बंदूक आणू नका. सेफचा आकडा एकट्या तुम्हालाच माहीत असला तरी नको. दोघांपैकी कुणाला नैराश्य असेल तरी हेच लागू. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि आत्महत्येचं प्रमाण ७५ च्या पुढच्या पुरुषांत सर्वांत जास्त आहे. ९८८ या मदतवाहिनीच्या नंबरवर (आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असेल तर) कधीही फोन करून बोलता येतं, तो नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

तपासणी ठीक आली असं धरून पुढचं लिहीत आहोत.

दुकानात जे झालं त्यात तुमच्या हातांचा काही दोष नाही, विक्रेत्याने निवडच उलटी केली. हलकी बंदूक बाईमाणसाला सोपी, असं पुष्कळांना वाटतं. हलकी बंदूक पर्समध्ये वागवायला सोपी असते, उडवायला मात्र अवघड. तेवढाच धक्का सव्वाचारशे ग्रॅमच्या बंदुकीत बसला तर तो सगळा तळहातात आणि अंगठ्याच्या मुळात उतरतो, किलोभर वजनाच्या बंदुकीत त्यातला बराच भाग लोखंडच पिऊन टाकतं. शिवाय त्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर एकाच ओढीत हॅमर (गोळीला ठोका देणारा भाग) मागे नेतो, सिलिंडर (गोळ्या बसवायचं फिरतं नळकांडं) फिरवतो आणि मग हॅमर सोडतो. तिन्ही कामं तुमच्या एका बोटाने करायची. त्याला साधारण १० ते १२ पौंड, म्हणजे साडेचार ते साडेपाच किलो जोर लागतो.

दुसऱ्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागे सरकणारा भाग, का हलली नाही, त्याचंही कारण आहे. .३८० ची (हा गोळीचा आकार) जुन्या धाटणीची बरीच छोटी पिस्तुलं ‘ब्लोबॅक’ पद्धतीची असतात, वॉल्थर पीपीके हे त्यातलं प्रसिद्ध नाव. त्यांत गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या नसतात. स्लाइड लवकर मागे पळू नये म्हणून कंपनीला आत टणक स्प्रिंग घालावी लागते, आणि ती स्प्रिंग तुम्हाला हाताने दाबावी लागते. म्हणजे गोळी लहान, पण पिस्तूल ताठ. ज्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड क्षणभर एकत्र अडकून मागे येतात, तिथे स्प्रिंग नरम ठेवता येते. दुकानात "लॉक्ड ब्रीच दाखवा" असं नेमकं मागा.

आता हातांची परीक्षा. ती संध्याकाळी, दुखण्याची गोळी घेऊन, गरम चहा झाल्यावर करू नका. संधिवाताचे हात रात्री तीन वाजता आणि पहाटे सगळ्यात आखडलेले असतात, आणि ज्या प्रसंगासाठी तुम्ही पिस्तूल घेताय तो प्रसंगही त्याच वेळेचा. म्हणून दुकान उघडताच, गोळी न घेता जा. जाण्याआधी घरी एक सोपी चाचणी होते. भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा तुमच्याकडे असेलच. तो दाराच्या मुठीला अडकवा, पट्ट्यात फक्त उजवी तर्जनी घाला आणि हळूहळू सरळ मागे ओढा. काटा साडेपाच किलोवर पाच वेळा लागोपाठ गेला, बोट थरथरलं नाही आणि दुखलं नाही, तर रिव्हॉल्व्हरचा विचार करता येईल. तीन किलोलाच बोट थकलं तर रिव्हॉल्व्हर सोडून द्या, कारण पिस्तुलाचे ट्रिगर बहुतेक अडीच किलोच्या आसपास असतात. काटा म्हणजे काही ट्रिगर नव्हे, पण फुकट फेरी वाचते.

स्लाइडच्या बाबतीत आधी पद्धत शिका, मग पिस्तूल नाकारा. विक्रेते आणि सिनेमे दाखवतात ती रीत म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइडचं मागचं टोक धरून ओढायचं. ही चिमूटच तुमच्या दुखऱ्या सांध्यावर सगळ्यात जास्त भार टाकते, किल्ली फिरवताना कळ येते ती याच जागेतून. तिच्याऐवजी असं करा. पिस्तूल छातीच्या खाली, पोटाजवळ धरा, कोपरं बाहेर काढा. उजव्या हातात मूठ, तर्जनी ट्रिगरच्या बाहेर सरळ. डावा तळहात वरून स्लाइडच्या मागच्या अर्ध्या भागावर ठेवा, चार बोटं पलीकडून, तळव्याची गादी अलीकडून, अंगठा नुसता मोकळा तुमच्याकडे. ज्या खिडकीतून रिकामं काडतूस बाहेर पडतं ती झाकू नका. आता डावा हात जागेवर ठेवून उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. कणीक तिंबताना जसा जोर बोटांतून न येता खांद्यातून, तळव्याच्या गादीतून येतो, अगदी तसा. स्लाइड पूर्ण मागे गेली की डावा हात एकदम सोडून द्या. सोबत पुढे नेलीत तर ती शेवटचा अर्धा सेंटिमीटर बंद होत नाही आणि पिस्तूल उडत नाही.

या पद्धतीत एक मोठी चूक घडते. पिस्तूल पोटाजवळ आलं की नळी नकळत डावीकडे वळते आणि शेजारच्या माणसावर किंवा स्वतःच्या कोपरावर रोखली जाते. उपाय एकच, पिस्तूल वळवू नका, स्वतःच वळा. कमरेतून उजवीकडे फिरून उभं राहिलं की नळी समोर सुरक्षित दिशेला राहते. दुकानात हे रिकाम्या पिस्तुलावर, विक्रेत्याला विचारून, दहा वेळा करा. सहाव्या-सातव्या वेळी काय होतं ते बघा, पहिल्या वेळेवर भरवसा ठेवू नका.

स्लाइड उघडी अडकवून ठेवणं तर आणखी कठीण, कारण ती मागे धरून त्याच वेळी अंगठ्याने खटका वर करावा लागतो. त्याला सोपी वाट आहे. रिकामं मॅगझीन (मुठीत सरकवायची गोळ्यांची पेटी) घाला आणि स्लाइड मागे ओढा, मॅगझीनमधली पट्टीच खटका वर उचलते आणि स्लाइड आपोआप उघडी राहते. चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना, हे बघायला हीच रीत वापरा. आधी भरलेलं मॅगझीन बाहेर, मग रिकामं आत, हा क्रम मात्र कधीच चुकू नये.

तुमच्यासाठी पहिलं नाव स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी ३८० शील्ड ईझेड. २०१८ मध्ये ते बाजारात आलं, आणि कमी जोराच्या हातांसाठीच बनवलेलं आहे. लॉक्ड ब्रीच, नरम स्प्रिंग, आत लपवलेला हॅमर, मॅगझीनमध्ये ८ गोळ्या, वजन सुमारे सव्वापाचशे ग्रॅम. मॅगझीनच्या बाजूला छोटी बटणं असतात, ती खाली ओढली की स्प्रिंग दबते आणि गोळी अलगद आत पडते, अंगठ्याने रेटावी लागत नाही. बटण एका वेळी एका गोळीपुरतंच खाली घ्या. एकदम तळाला ओढून गोळ्या सोडल्या तर त्या आत तिरक्या बसतात. स्लाइडच्या वर एक छोटी पट्टी आहे, चेंबरमध्ये गोळी असली की ती उचललेली असते आणि अंधारात बोटाला लागते. साफ करायला उघडताना ट्रिगर दाबावा लागत नाही, हाही मोठा फायदा, कारण चेंबर रिकामं समजून ट्रिगर दाबल्याने घरात पुष्कळ अपघात होतात.

याच पिस्तुलात एक खोच आहे आणि ती तुमच्यासारख्या हातांनाच भोवते. मुठीच्या मागे एक दाबपट्टी असते. तळहाताने ती पूर्ण दाबली तरच ट्रिगर काम करतो. अंगठा दुखतो म्हणून तुम्ही मूठ सैल किंवा थोडी खाली धरलीत तर पट्टी अर्धीच दबते आणि ऐन वेळी ट्रिगर दाबूनही काही होत नाही. दुकानात रिकाम्या पिस्तुलावर, डोळे मिटून, वीस वेळा उचला आणि ट्रिगर दाबा. त्यात एकदाही ट्रिगर नुसताच गेला तर हे पिस्तूल तुमचं नाही, कितीही आवडलं तरी. अंगठ्याने फिरवायची वेगळी सेफ्टी असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार मिळतात. ते बटण अंगठ्याने सहज खाली जात नसेल तर ते नसलेला घ्या.

जुनं घेत असाल तर एक तारीख लक्षात ठेवा. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या शील्ड ईझेड पिस्तुलांपैकी काहींच्या हॅमरमध्ये दोष निघाला आणि कंपनीने तो बदलून देण्याची सूचना काढली. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरा पर्याय रूगर सिक्युरिटी-३८०, २०२३ मधलं. स्लाइड तशीच हलकी, गोळ्या जास्त, मागे दाबपट्टी नाही. पण त्याचं मॅगझीन भरायला जोर लागतो, तेव्हा सोबत मॅगझीन भरायचं छोटं प्लास्टिकचं लोडर घ्याच. मूठ थोडी रुंद आहे, बोट ट्रिगरवर नीट पोचतं का ते पाहा: तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर बसली पाहिजे, नुसतं टोक नव्हे. शील्ड ईझेडचं ९ मिमी रूपही आहे. ते सुमारे एकशेतीस ग्रॅमने जड आहे, पण धक्का स्पष्ट जास्त आहे. दोन्ही भाड्याने घेऊन एकाच दिवशी उडवून बघा, मग ठरवा.

स्लाइड अजिबातच हलत नसेल तर नळी वर उघडणारी पिस्तुलं असतात. एक खटका दाबला की नळी मागच्या बाजूने वर उचलली जाते, गोळी हाताने नळीत ठेवायची आणि नळी खाली बंद करायची. बेरेटाचं टॉमकॅट .३२ चं, गिरसानचं एमसी १४टी .३८० चं. ऐकायला हे तुमच्यासाठीच बनवल्यासारखं वाटतं, पण मध्येच काही अडकलं तर पुष्कळदा शेवटी स्लाइड ओढावी लागते, आणि ती ताठ असते. म्हणून याला दुसऱ्या फळीत ठेवतो.

काट्याच्या चाचणीत बोट पास झालं तर रिव्हॉल्व्हर. मात्र दुकानात दाखवलं तसलं पिटुकलं नको. चार इंची नळीचं, पोलादी, किलोभर वजनाचं .३८ स्पेशल घ्या. स्मिथ अँड वेसनची मॉडेल १० किंवा स्टेनलेस मॉडेल ६४, पोलिसांकडून निवृत्त झालेली जुनी चांगल्या अवस्थेत मिळतात. मुठीवर जाड रबर चढवा. गोळी १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ‘वॉडकटर’ मागा, सपाट तोंडाची, निशाणेबाजीसाठी बनलेली. तिचा धक्का इतका मऊ की दुखऱ्या हातांनाही सोसतो. नवं हवं असेल तर .३२ एच अँड आर मॅग्नमचा विचार करा. सहा गोळ्या बसतात, धक्का .३८ पेक्षा कमी. फक्त गोळ्या महाग आणि प्रत्येक दुकानात नसतात.

ट्रिगर हलका करून देतो असं कुणी मिस्त्री म्हणाला तर सावध राहा. हॅमरची स्प्रिंग नरम केली की हॅमरचा ठोका हलका बसतो आणि गोळी उडतच नाही. हॅमर अंगठ्याने मागे घेऊन मग ट्रिगर दाबायचा, ही युक्तीही रात्रीच्या प्रसंगासाठी नको. एकदा मागे घेतलेला हॅमर न उडवता परत खाली आणायला शाबूत अंगठा लागतो. तुमचा तिथेच निसटेल.

.२२ सुचवणारे भेटतील. धक्का जवळजवळ नाही, गोळ्या स्वस्त, सरावाला उत्तम. पण .२२ ची गोळी काठावर ठोका बसून पेटते, आणि न पेटण्याचं प्रमाण इतर गोळ्यांपेक्षा जास्त असतं. पिस्तुलात तसं झालं की पुन्हा स्लाइड ओढणं आलं. रिव्हॉल्व्हरमध्ये परत ट्रिगर दाबला की पुढची गोळी येते, पण .२२ च्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर .३८ पेक्षाही जड असतो, कारण काठ पेटवायला जोराचा ठोका लागतो. तरीही शील्ड ईझेड जमलं नाही आणि .२२ पिस्तूल हातात स्थिर राहत असेल, तर जे तुम्ही समोर नेमकं मारू शकता तेच घ्या.

.३८० पुरेशी आहे का, हा प्रश्न विक्रेता काढेलच. एफबीआयच्या कसोटीत गोळीने जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच आत जावं अशी अपेक्षा असते. .३८० ची पोकळ टोकाची गोळी नीट फुलली तर पुष्कळदा १२ इंचांच्या अलीकडेच थांबते. ९ मिमी या बाबतीत उजवी आहे, हे खरं. पण दोन गोळ्यांनंतर हात दुखून तिसरी भिंतीत जाणार असेल तर ९ मिमीचा उपयोग काय? आणि भिंतीचं म्हणाल तर आपली तिकडची घरं विटांची, इथली लाकडी पट्ट्यांवर जिप्समची पाटी ठोकलेली. कुठलीही गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. नातवंडं कुठल्या खोलीत झोपतात ते बघून, तुम्ही पलंगाच्या कुठल्या बाजूला उभ्या राहाल आणि गोळी कुठल्या दिशेला जाईल, हे दिवसाउजेडी चालून ठरवा.

मोतीबिंदूनंतर दूरची लेन्स बसवली असेल तर हाताच्या अंतरावरचं, नळीच्या टोकावरचं निशाण धूसर दिसणार. त्यावर नारिंगी नेलपॉलिशचा ठिपका लावला तरी बराच फरक पडतो. जमलं तर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी छोटी काच) बसवता येईल असं पिस्तूल घ्या, कारण त्यात नजर समोरच्यावरच ठेवायची असते, निशाणांची रांग लावत बसावं लागत नाही. चष्मा, विजेरी आणि फोन सेफशेजारी एकाच ट्रेमध्ये ठेवा. कानाला लावायचे इलेक्ट्रॉनिक मफही तिथेच. बंद खोलीत एक बार १५० डेसिबलच्या वर जातो, श्रवणयंत्र असेल तर ते आधी काढावं. आणि सगळ्यात आधी दिवा लावा, हाक मारा. समोरचा माणूस कोण हे दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये, पाणी प्यायला उठलेला नातू असू शकतो.

आता सेफ. पिस्तूल आणताना सेफ त्याच दिवशी, त्याच गाडीत घरी आली पाहिजे. तुमच्या बाबतीत त्याला खास कारण आहे. रात्री तीनला आखडलेल्या हातांनी स्लाइड ओढता येईल याची खात्री नाही, म्हणजे पिस्तूल चेंबरमध्ये गोळी ठेवूनच ठेवावं लागणार. असं पिस्तूल उशीखाली किंवा ड्रॉवरमध्ये एक रात्रही राहता कामा नये. ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) घालून ते सेफमध्ये ठेवा. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती निष्काळजीपणामुळे भरलेली बंदूक लागली तर टेक्ससमध्ये तो गुन्हा आहे, आणि तुमचा १२ वर्षांचा नातू लपवलेली वस्तू शोधून काढण्याच्या वयाचा आहे.

बोटाच्या ठशावर उघडणारी सेफ घेऊ नका. उतारवयात कातडी कोरडी आणि ठसे पुसट होतात, बोट लावूनही कधी कधी नकार येतो. उलट प्रकारही घडला आहे: २०२३ मध्ये एका कंपनीच्या सुमारे ६१,००० ठसा-सेफ परत मागवल्या गेल्या, कारण त्या भलत्याच बोटानेही उघडू शकत होत्या. एका १२ वर्षांच्या मुलाचा त्यात जीव गेला होता. पाच यांत्रिक बटणांची, बॅटरी न लागणारी सेफ बघा. बटणं दाबायला तुमच्या बोटांना जड जातात का, ते दुकानातच तपासा. आकडा नातवंडांच्या वाढदिवसाचा ठेवू नका, तो त्यांना पहिल्यांदा सुचतो. सेफ पलंगाशेजारच्या कपाटाच्या तळाला बोल्टने आवळा, नाहीतर चोर सेफसकट नेतो.

मुलाचा बेत मात्र मोडून काढा. न्यू जर्सीत हँडगन घ्यायला त्याला वेगळा परवाना लागतो, आणि घेतलेली बंदूक दुसऱ्या राज्यातल्या माणसाला थेट देणं केंद्रीय कायद्याला धरून नाही, मग ती स्वतःची आई का असेना. ती टेक्ससमधल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फतच तुमच्या नावावर व्हावी लागते. त्याने पैसे द्यावेत, पिस्तूल तुम्ही तुमच्या नावावर, तुमच्या हाताने निवडून घ्यावं. तुमचे पैसे देऊन त्याच्या नावावर घ्यायला लावणं हा सरळ गुन्हा होतो.

ग्रीन कार्डवर खरेदी करता येते. फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म) भरताना कार्डावरचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) क्रमांक लागतो आणि नाव ओळखपत्रावर आहे तसंच, मधल्या नावासकट लिहावं लागतं. त्यात गांजाबद्दल प्रश्न आहे. संधिवातासाठी टीएचसी (गांजातला नशेचा घटक) असलेल्या गोळ्या-गमी खाणारे आपल्यात बरेच आहेत. राज्यात चालत असलं तरी केंद्रीय कायद्यात ते बेकायदाच, असं फॉर्मवरच छापलेलं असतं, आणि खोटं उत्तर हा गंभीर गुन्हा आहे. पुण्या-मुंबईहून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या बहिणीच्या, दिराच्या हातात हे पिस्तूल गंमत म्हणूनही देऊ नका. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर त्यांना ते बाळगायला कायद्याने मनाई आहे. (इतर राज्यांतल्या वाचकांसाठी: इलिनॉयमध्ये आधी फॉइड कार्ड (बंदूक बाळगायचं ओळखपत्र) लागतं, कॅलिफोर्नियात सुरक्षा प्रमाणपत्र आणि दहा दिवस थांबणं.)

पिस्तूल विकत घेण्याआधी भाड्याने उडवा. बऱ्याच रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) हे मिळतं, सोबत एक तासाचा शिक्षक घ्या, आणि संधिवात आहे हे नोंदवतानाच सांगा. पहिल्या दिवशी २० गोळ्या, जास्त नको. दुसऱ्या दिवशी अंगठा सुजला तर ते पिस्तूल तुमच्यासाठी नाही. एक गोष्ट लक्ष देऊन बघा, रिकामं काडतूस स्लाइडमध्ये उभं अडकतं का. सैल मनगटात पिस्तूल सगळंच मागे झुकतं, स्लाइडला मागे पळायला टेकू मिळत नाही आणि काडतूस पूर्ण बाहेर पडत नाही. तेच पिस्तूल शिक्षकाच्या हातात बिनतक्रार चालतं, म्हणून त्याच्या हाताने घेतलेली चाचणी तुमच्या कामाची नाही. घेतल्यावर तुमच्या हातून किमान २०० गोळ्या, त्यातल्या ५० तरी घरात ठेवणार त्याच प्रकारच्या, एकदाही न अडकता गेल्या की मगच त्याच्यावर विसंबा. चार-पाच महिने लागले तरी चालतील. निशाणाचा कागद ५ ते ७ यार्डांवर लावा, घरातलं अंतर त्याहून जास्त नसतं.

तोवर दाराचं काम करून घ्या, ते एका दुपारचं आहे. दाराच्या चौकटीतल्या कुलपाच्या पट्टीला बहुतेक घरांत पाऊण इंचाचे स्क्रू असतात, एका लाथेत चौकट फाटते. ते काढून ३ इंचाचे स्क्रू लावा, म्हणजे ते चौकटीमागच्या जाड लाकडात जातात. बेडरूमचं दार पोकळ असेल तर भरीव बसवा आणि त्यालाही आतून कुलूप करा. रात्री आवाज आला तर खाली बघायला जाऊ नका. दोघंही त्या दारामागे, आतून कुलूप, ९११ ला फोन चालू, आणि पिस्तूल दाराकडे तोंड करून. पोलीस आले की पिस्तूल परत सेफमध्ये, हात रिकामे, आणि फोनवरच्या बाईंना तसं सांगायचं. अंधारात हातात पिस्तूल घेऊन उभं असलेलं माणूस घरमालकीण आहे हे आत येणाऱ्या पोलिसाला कळत नाही.

आणि विजेरीचे, कानाच्या मफचे सेल पाडव्याला आणि दिवाळीला बदलत जा.